बीट-बेदाण्याने थॅलेसेमिया मायनर जात नाही

परवा मावशीने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. त्याआधी तो मला आणखी तीन ठिकाणांहून आला होता. मजकूर थोडक्यात असा: ‘थॅलेसेमिया मायनर म्हणजे दुसरं काही नाही, अंगात लोह कमी. लॅबवाले मोठं नाव देऊन घाबरवतात. रोज बीटाचा रस, मूठभर काळे बेदाणे आणि गूळ घ्या, ४० दिवसांत एचबी (हिमोग्लोबिन) १४. हिमोग्लोबिन हे प्रथिनच आहे, म्हणून सोबत प्रोटीन पावडर घ्या. हा आजार सिंधी-पंजाबी लोकांचा, आपल्यात नसतो. नवराबायकोचा रक्तगट वेगळा असेल तर बाळाला काही होत नाही. आणि मेजर असलेल्या मुलांना सारखं रक्त चढवू नका, सवय लागते.’

मी सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षं काम करते. रक्त काढते, मशीनला लावते, काचपट्टीवर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली बघते. हा मेसेज वाचून मला राग आला. यातली शेवटची ओळ एखाद्या लेकराच्या जिवावर बेतू शकते. पण सुरुवात पहिल्या ओळीपासूनच करते, कारण बाकीचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

‘मायनर म्हणजे लोह कमी.’ नाही. थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा, आईवडिलांकडून येणारा जन्मजात दोष आहे. एकाकडूनच सदोष जनुक आलं तर मायनर, म्हणजे तो माणूस नुसता वाहक; दोघांकडून आलं तर मेजर, म्हणजे गंभीर आजार. समोर दोन रिपोर्ट ठेवा. एका बाईचं हिमोग्लोबिन ९.४, तांबड्या पेशी ४१ लाख, पेशीचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही ७२. दुसरीचं हिमोग्लोबिन १०.६, पेशी ५६ लाख, एमसीव्ही ६२. दोघींनाही लोक ‘रक्त कमी आहे’ एवढंच म्हणणार. पण दुसरीच्या पेशी कमी नाहीतच, उलट भरपूर आहेत, फक्त फार बारीक आहेत. एमसीव्हीला पेशींच्या आकड्याने, म्हणजे दशलक्षात मोजलेल्या संख्येने, भागायचं. पहिलीचं उत्तर साडेसतराच्या आसपास येतं, दुसरीचं ११. उत्तर १३ च्या खाली आलं की आम्ही थॅलेसेमिया मायनरचा संशय घेतो. हा नुसता अंदाज आहे, निदान नव्हे. खरं उत्तर एचपीएलसी नावाच्या तपासणीत मिळतं, तिच्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात. त्यात हिमोग्लोबिन ए-टू ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमिया मायनर. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, अशा माणसाचा बहुतेक वेळा व्यवस्थितच असतो.

असं का होतं हे आपल्या भागातल्या माणसाला साखर कारखान्यावरून चटकन कळेल. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत प्रथिनाच्या ४ साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. प्रत्येक साखळीत हीम नावाचा एक तुकडा बसतो आणि त्याच्या मधोमध लोहाचा एक अणू असतो. लोह कमी पडलं की हीम कमी बनतं. मग पेशीतलंच एक प्रथिन पहारेकऱ्यासारखं पुढे येऊन साखळ्या बनवण्याचं कामच थांबवतं. ऊस नाही, म्हणून गाळप बंद. तिथे लोहाची गोळी दिली की ऊस येतो आणि गाळप पुन्हा सुरू होतं. थॅलेसेमियात ऊस आलेला असतो, गाड्या दारात रांगेत उभ्या असतात, पण बीटा साखळी बनवणाऱ्या यंत्राचाच भाग जन्मापासून सदोष असतो. तुम्ही आणखी गाड्या पाठवल्या तर रांग वाढेल, साखर नाही.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. मायनर असलेल्या बाईला लोहाची कमतरता होऊच शकत नाही असं नाही. पाळीत जास्त रक्त जात असेल, बाळंतपणं लागोपाठ झाली असतील, तर दोन्ही एकत्र असू शकतात. तेव्हा फेरिटिन बघून डॉक्टर गोळ्या देतात आणि द्यायलाच हव्यात. शिवाय लोह फार कमी असेल तर ए-टूचा आकडाही खोटा कमी दिसू शकतो, म्हणून आधी लोह भरून काढून एचपीएलसी पुन्हा करावी लागते. पण साठा न बघता वर्षानुवर्षं गोळ्या खात राहणं हा उपचार नव्हे. आमच्याकडे तासगावकडची एक मुलगी आली होती. तीन वर्षं आयर्नच्या गोळ्या, पोट सतत बिघडलेलं आणि एचबी साडेदहाच्या पुढे जाईना. घरचे म्हणायचे, ‘ही गोळ्या टाकून देते.’ तिची काचपट्टी मी बघितली. बारीक, फिकट पेशी आणि त्यांत नेमबाजीच्या लक्ष्यासारख्या, मधोमध ठिपका असलेल्या पेशी. एचपीएलसीत ए-टू ५.४ आलं. तिला रिपोर्ट समजावून सांगितला तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली, ‘म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?’

बीट आणि बेदाण्याचं लवकर आटपते. बेदाणा आपल्या तासगावचा, मलाही त्याचा अभिमान आहे. पण १०० ग्रॅम बेदाण्यात लोह साधारण २ मिलिग्रॅमच्या आत असतं, म्हणजे मूठभरात जेमतेम अर्धा. बीटात तर १०० ग्रॅमला १ मिलिग्रॅमसुद्धा नाही. त्याचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा, रक्ताशी त्याचा काही संबंध नाही. आवडत असेल तर खुशाल खा.

प्रोटीन पावडरचा मुद्दा ऐकायला शास्त्रीय वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. हिमोग्लोबिनच्या साखळ्या प्रथिनाच्या आहेत हे खरं. अल्फा साखळीत १४१ अमिनो आम्लं (प्रथिनाचे मणी), बीटा साखळीत १४६. मग अमिनो आम्लं जास्त पुरवली तर साखळ्या जास्त बनतील का? याचं उत्तर १९६५ मध्येच मिळालेलं आहे. डेव्हिड वेदरॉल, जॉन क्लेग आणि माइक नॉटन या शास्त्रज्ञांनी थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या कोवळ्या तांबड्या पेशी घेतल्या. या पेशींतलं केंद्रक निघून गेलेलं असतं, पण साखळ्या विणण्याची यंत्रणा आणखी एक-दोन दिवस चालू असते. त्या पेशींना त्यांनी किरणोत्सारी खूण केलेलं अमिनो आम्ल दिलं आणि ते कोणत्या साखळीत किती गेलं हे मोजलं. अमिनो आम्लांचा तुटवडा नव्हताच. तरी बीटा साखळी कमी बनत होती, आणि अल्फा मात्र गरजेपेक्षा जास्त. अडचण कच्च्या मालात नव्हती.

ती आहे जनुकात. बीटा साखळीचं जनुक ११व्या गुणसूत्रावर असतं. भारतात सगळ्यात जास्त सापडणारा दोष हा त्या जनुकातल्या एकाच अक्षराचा बदल आहे, जी च्या जागी सी. त्यामुळे पेशी त्या जनुकावरून बनलेल्या संदेशाची कापणी-जोडणी चुकीच्या ठिकाणी करते आणि साखळी विणायला धड संदेश फारच थोडा उरतो. इकडे जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या साचून गुठळी धरतात आणि पेशीलाच आतून मारतात. मेजर असलेल्या मुलांत हे अस्थिमज्जेतच घडतं. पेशी रक्तात येण्याआधीच मरतात. पावडरच्या डब्याने ते एक अक्षर बदलत नाही. त्या डब्याच्या पैशात एचपीएलसी होऊन जाते.

‘आपल्यात नसतो.’ सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरं, पण देशभरात सरासरी १०० पैकी ३ ते ४ जण बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. जनुक जात विचारत नाही. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे असे वाहक तगून राहिले, कारण त्यांना मलेरियापासून थोडं संरक्षण मिळायचं. आपल्याकडे तर मामाची मुलगी करण्याची रीत अजूनही आहे. आजी-आजोबांपैकी एक जण वाहक असेल तर तो दोष मामाकडूनही उतरू शकतो आणि आईकडूनही, आणि त्याच घरात दोघांचं लग्न लागतं. मी रीतीला नावं ठेवत नाही, पण अशा घरात तपासणी आधी करा एवढं हात जोडून सांगते.

रक्तगटाचा इथे काहीच संबंध नाही. ए, बी, ओ ही पेशीच्या बाहेरच्या आवरणावरची ओळख आहे, बीटा जनुक ही वेगळीच बाब. दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर असण्याची शक्यता २५ टक्के, मायनर असण्याची ५० टक्के, पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. ‘पहिलं मूल चांगलं झालं, आता काळजी नाही’ हेही खरं नाही, दर वेळी हिशेब पहिल्यापासून. दोघांतला एकच मायनर असेल तर बीटा थॅलेसेमिया मेजर होत नाही. जोडीदाराची तपासणी मात्र पूर्ण हवी, कारण त्याच्यात सिकल सेल किंवा हिमोग्लोबिन ई (हिमोग्लोबिनचे दुसरे जन्मजात दोष) असेल तर त्या जोडीतूनही गंभीर आजार होऊ शकतो. दोघंही वाहक निघाले तर ११व्या ते १३व्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीक नमुना घेऊन बाळाचं जनुक बघता येतं. ही लिंगतपासणी नव्हे. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४च्या कायद्यात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशा तपासणीला स्पष्ट परवानगी आहे, तेव्हा विचारायला कचरू नका.

आता ती शेवटची ओळ. रक्ताची ‘सवय’ लागत नाही. मेजर असलेल्या मुलाचं स्वतःचं हिमोग्लोबिन पुरेसं बनतच नाही. रक्त थांबवलं तर अस्थिमज्जा फुगते, कपाळाची आणि गालाची हाडं पुढे येतात, प्लीहा पोटभर वाढते, हृदय थकतं. रक्त न मिळालेली अशी बहुतेक मुलं पहिल्या काही वर्षांतच दगावतात. कवठेमहांकाळकडची एक आई दर तीन आठवड्यांनी लेकराला घेऊन पहिल्या एसटीने येते. मुलगा ८ वर्षांचा आहे. सुई टोचताना रडत नाही, फक्त आईच्या बांगड्या मोजतो. या मेसेजवर विश्वास ठेवून तिने एकच फेरी चुकवली तर काय होईल, हा विचार मला झोपू देत नाही.

रक्तातून लोह साचतं ही भीती मात्र खरी आहे. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं, आणि शरीराकडे जादा लोह बाहेर टाकायची वाटच नाही. एरवी आपण दिवसाला १ ते २ मिलिग्रॅमच शोषतो. म्हणून या मुलांना लोह बाहेर काढणारी औषधं देतात, डेफेरासिरॉक्स, डेफेरिप्रोन वगैरे, आणि फेरिटिन मोजत राहतात. रक्तही चालू आणि औषधही चालू, दोन्ही लागतं. अशा मुलाला प्रेमापोटी कुणी आयर्नचं टॉनिक पाजलं, तर औषधाने एका दारातून काढलेलं लोह आपण दुसऱ्या दारातून आत घालतो.

हे सगळं थोडक्यात ग्रुपवर लिहिलं. तासभर कुणी काही बोललं नाही. मग मावशीचा फोन आला. ‘अगं, आपल्या सोनीचं बोलणं चाललंय ना विट्याच्या पाहुण्यांकडे. तिचं एचबी कायमच दहा. आणू का तिला?’

‘आण की. बुधवारी सकाळी ये. उपाशीपोटी यायची गरज नाही, आणि जुने रिपोर्ट असतील तर सगळे घेऊन ये.’

‘आणि मुलाकडच्यांना काय सांगू?’

‘सोनीचा रिपोर्ट येऊ दे. ती मायनर निघाली तर त्यालाही बोलावू. मी बोलेन त्यांच्याशी.’