दुसरा खंड

माझ्याकडे पाच व्हिक्टोरियन कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या आहेत, असं मी पाहुण्यांना सांगायला लागलो की ही स्वयंपाकघरातून खाकरते. कारण पाचही कादंबऱ्यांचा माझ्याकडे फक्त दुसरा खंड आहे.

यात माझा काय दोष? त्या काळचे इंग्रज कादंबरी तीन खंडांत काढायचे आणि किंमत ठेवायचे एकतीस शिलिंग सहा पेन्स. एवढे मोजणार कोण? म्हणून लोक मुडीच्या वाचनालयाची वर्गणी भरत. वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, आणि एका वेळी एक खंड. म्हणजे एकच कादंबरी एकाच वेळी तीन घरांत फिरवता यायची. आमच्या सांगलीच्या लायब्ररीवाल्याच्या कानावर हे गेलं असतं, तर त्याने दिवाळी अंकाचेही तीन तुकडे केले असते. १८९४ साली वाचनालयांनाच हा प्रकार परवडेना, तेव्हा कुठे तो आटोपला.

१८४७ ची ‘जेन आयर’च घ्या. दुसऱ्या खंडाच्या शेवटी ऐन लग्नात लग्न मोडतं, नायिका खोलीत कडी लावून बसते आणि खंड संपतो. हा माझ्याकडे नाही. त्याच्या नादी लागलो तर घर गहाण टाकावं लागेल, आणि ते आधीच बँकेकडे आहे. पण माझ्या पाचांतही तीच तऱ्हा. नायिका पहिल्याच पानावर डोळे पुसत असते. का, ते पहिल्या खंडाला ठाऊक.

तरी शनिवार उजाडला की मी लंडनच्या सेसिल कोर्टात हजर. दुतर्फा जुन्या पुस्तकांची दुकानं असलेली ही छोटीशी गल्ली. किंमत आतल्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली असते, इतकी बारीक की चष्मा काढून नाक टेकवावं लागतं. दुकानदाराला वाटतं, मी वास घेतोय. तोही घेतोच.

मागच्या उन्हाळ्यात आई आली. तिने कपाटातलं एक पुस्तक काढलं, पुठ्ठ्यावरचं मुडीचं पिवळं लेबल बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा सातवीत गेलो.

“अरे, लायब्ररीचं पुस्तक आहे हे! परत नाही केलंस?”

“आई, ती लायब्ररी कधीच बंद पडली.”

“म्हणून ठेवून घ्यायचं?”

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर लेबल गायब. आईने ओल्या फडक्याने घासून काढलं होतं. लेबलाबरोबर कापडाचा हिरवा रंगही फडक्यावर आला होता. वर खाकी कव्हर घालून तिने सुवाच्य अक्षरात माझं नाव लिहिलं होतं. बॉलपेनने. नशीब, इयत्ता आणि तुकडी लिहिली नव्हती.

परत जाताना विमानतळावर तिने माझ्या हातात वीस पौंड कोंबले. “दंडाचे असू देत.”

ते मी शनिवारी सेसिल कोर्टात भरले. आता माझ्याकडे सहा दुसरे खंड आहेत.