गाळ येतो कुठून?

मे महिना उजाडला की पुण्या-मुंबईच्या बातम्यांत नालेसफाईची टक्केवारी झळकू लागते. किती टक्के गाळ निघाला, ठेकेदाराने वजनकाट्यावर काय दाखवले, काठावर टाकलेला गाळ पहिल्याच सरीत पुन्हा ओढ्यात गेला की नाही, यावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटापर्यंत तावातावाने बोलले जाते. हा गाळ आला कुठून, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

सिॲटलजवळ बांधकामाच्या जागांवर मातीची धूप रोखण्याचे काम मी करतो, म्हणून माझे लक्ष नेमके तिकडे जाते. वॉशिंग्टन राज्यात एक एकर किंवा त्याहून अधिक जमीन उकरायची असेल आणि तिथले पावसाचे पाणी ओढ्यात किंवा नदीत उतरणार असेल, तर राज्याच्या पर्यावरण विभागाचा परवाना आधी घ्यावा लागतो. या बंधनाचे मूळ १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यात आहे. १९९० च्या नियमांत ते पाच एकरांपासून पुढच्या जागांना होते आणि २००३ पासून एका एकराला लागू झाले. परवान्यातली मला सर्वांत शहाणी वाटणारी अट मात्र तारखांची आहे. कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिमेला १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या ओल्या काळात, जिथे काम थांबले आहे तिथली माती दोन दिवसांपेक्षा जास्त उघडी ठेवता येत नाही. उरलेल्या महिन्यांत सात दिवसांची मुभा असते.

गेल्या नोव्हेंबरात रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी जागेच्या कोपऱ्यातून बाहेर पडणारे पाणी मी काचेच्या कुपीत भरले. कुपी पुसून गढूळपणा मोजणाऱ्या यंत्रात ठेवली, तर आकडा ३१०. पंचवीसच्या पुढे गेले की उपाय सुधारावे लागतात. अडीचशे गाठले की चोवीस तासांत विभागाला फोन करावा लागतो. गाळ अडवायला उताराच्या पायथ्याशी मांडलेल्या पेंढ्याच्या वळकट्यांपैकी एक पुरेशी खोल गाडलेली नव्हती आणि तिच्याखालून पाण्याने हातभर वाट कोरली होती. ती नीट गाडली आहे, अशी आदल्या आठवड्याच्या तपासणीपत्रकावर सही माझीच होती. फोनही मीच केला.

यंदा जुलैत धाकट्या भावाने कात्रजहून एक व्हिडिओ पाठवला. टेकडीच्या कुशीत उकरलेल्या प्लॉटमधून तांबूस मुरमाचा लोंढा रस्त्यावर, रस्त्यावरून पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये आणि तिथून थेट ओढ्यात. त्याच बाजूने उतरणाऱ्या आंबिल ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय केले, ते पुणेकरांना सांगायला नको. तो पूर गाळानेच आला, असे मी म्हणत नाही. पण पात्र आधीच भरलेले असेल, तर पाण्याला जागा कुठून मिळणार?

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. परंतु हे माप उभ्या राहणाऱ्या बांधकामाचे आहे, उघड्या पडणाऱ्या मातीचे नव्हे. त्यामुळे प्लॉटिंगसाठी टेकडीचा लचका तोडून तो पावसाळाभर तसाच ठेवणारा त्यातून सहज निसटू शकतो. ज्यांना मंजुरी लागते त्यांचा अनुपालन अहवालही सहामाही, आणि पाऊस काही सहा महिने थांबत नाही. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांच्या धुळीसाठी नियम काढले, त्यांत पत्र्याचे उंच कुंपण आले, ट्रकची चाके धुणे आले. हिवाळ्यात उडणाऱ्या मातीच्या मागे महापालिका लागते, तीच माती जूनमध्ये वाहून गेली की तिला काळ्या ढगांचा कोप म्हणून आपण सोडून देतो.

अमेरिकेचे सगळे उचलावे, असेही माझे मत नाही. सिॲटलला वर्षभरात साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर झाला होता. अशा पावसात पेंढ्याच्या वळकट्या समुद्रात दिसतील. शिवाय इथेही सारे आलबेल नाही: अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने २००९ मध्ये देशभरासाठी गढूळपणाची २८० ही मर्यादा आखली, बांधकाम व्यावसायिक न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. उचलण्याजोगे आहे ते वेळापत्रक, आणि आपला पावसाळा तर इथल्यापेक्षा कितीतरी अधिक नेमका आहे. जून ते सप्टेंबर उतारावर नवी खोदाई नको आणि उघडा उतार ३१ मेपूर्वी झाकलेला हवा, एवढी अट बांधकाम परवानगीत घालायला कोणत्याही परदेशी यंत्राची गरज नाही.

माझ्या जागेचा तो ३१० चा आकडा राज्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. भावाला दाखवला, तर त्याने पहिला प्रश्न केला, "दंड किती झाला?" दंड झाला नव्हता. वळकटी पुन्हा खोल पुरली, उतार झाकला आणि आकडा पंचवीसवर येईपर्यंत रोज सकाळी पाणी मोजले.