‘नदी म्हणजे निसर्गाने दिलेला तयार रस्ता’ हे का खरं नाही

नद्यांबद्दलचा एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा आशय असा: नदी हा निसर्गाने फुकट दिलेला महामार्ग, शोधप्रवासी नदीच्या मुखातून आत शिरले आणि खंडांचे नकाशे पूर्ण झाले, जिथे पाणी मुबलक तिथे माणूस वसला, म्हणून मोठी नदी तिथे मोठं शहर, आणि रेल्वे आली तशी नदीवरची वाहतूक संपली. प्रत्येक विधानात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते लगेच पटतं. पण पाण्यावर नाव प्रत्यक्षात कशी चालते हे विचारात घेतलं की यातलं फारसं काही उरत नाही.

‘फुकटचा, तयार रस्ता’

पाण्यावरून ओझं ओढायला ताकद कमी लागते, हे मान्य. घोडा पाठीवर साधारण सव्वाशे किलो नेतो. तोच घोडा काठावरून दोराने नाव ओढू लागला की सुमारे ३० टन नेऊ शकतो. पण हा हिशोब संथ पाण्याचा आहे. समजा, नाव स्थिर पाण्यात ताशी ६ किलोमीटर चालते आणि प्रवाह ताशी ४ किलोमीटरचा आहे. १०० किलोमीटर खाली जायला १० तास लागतील आणि तेवढंच अंतर वर यायला ५०. प्रवाहाने ताशी ६ किलोमीटरचा वेग गाठला की वल्ही मारूनही नाव जागच्या जागी. वल्ही वाढवूनही फारसं साधत नाही, कारण नावेचा वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा विरोध सुमारे चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट.

म्हणून कित्येक नद्या शतकानुशतकं एकाच दिशेने वापरात होत्या. मिसिसिपीवरून सपाट बुडाचे पडाव माल घेऊन न्यू ऑर्लिन्सला उतरत आणि तिथे ते मोडून लाकूड म्हणून विकले जात. नावाडी नॅचेझ ट्रेस या जंगलवाटेने सुमारे ७०० किलोमीटर चालत परतत. न्यू ऑर्लिन्सहून लुईव्हिलपर्यंत नाव वर चढवायला तीन-चार महिने लागत. १८१५ मध्ये ‘एंटरप्राइज’ या वाफेच्या बोटीने ते अंतर २५ दिवसांत कापलं. यांग्त्सेच्या घळींमध्ये तर माणसांची रांग काठाच्या खडकांवरून दोर ओढत जहाजं वर नेई. वाफेवर चालणारी पहिली बोट चोंगछिंगला पोचायला १८९८ साल उजाडलं.

नाईल याला अपवाद आहे. तिचा प्रवाह उत्तरेकडे आणि वारा बहुतांशी उत्तरेकडून, त्यामुळे खाली जाताना प्रवाह आणि वर जाताना शीड. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत दक्षिणेकडच्या प्रवासाला शीड उभारलेली नाव आहे आणि उत्तरेकडच्या प्रवासाला शीड उतरवलेली. हे एक भाग्यवान उदाहरण जगभरच्या नद्यांना लावणं, ही या मजकुराची मूळ चूक.

दुसरी गोष्ट खोलीची. नदीची सरासरी खोली नावाड्याच्या काही कामाची नसते. वळणावर बाहेरच्या काठाशी पाणी खोल असतं. दोन वळणांच्या मध्ये प्रवाह एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो, तिथे तो पसरतो, मंदावतो आणि वाळू टाकतो. हाच उथळ दांडा जहाजाचं वजन ठरवतो. २०० किलोमीटर पात्र ३ मीटर खोल असलं आणि एकाच दांड्यावर पाणी १ मीटर असलं, तर माल १ मीटरच्या हिशोबानेच भरावा लागतो. शिवाय पुरात हा दांडा जागा बदलतो, म्हणजे गेल्या हंगामातली वाट यंदा चालेलच असं नाही.

तिसरी अडचण म्हणजे झाडं. काठ ढासळून पडलेल्या झाडाची मुळं तळात रुततात आणि बुंधा पाण्याखाली भाल्यासारखा उभा राहतो. त्याने लाकडी बोटीचं बूड फाटत असे. अमेरिकी बोट-कप्तान हेन्री श्रीव्ह यांनी १८२९ मध्ये ‘हेलिओपोलिस’ ही जोड बुडांची बोट याचसाठी बांधली. दोन्ही बुडांमधली जाड तुळई वेगाने झाडावर आदळायची, मग खोड उचलून वरच कापायचं. लुइझियानातल्या रेड रिव्हरमध्ये लाकडांचा दोनशेहून अधिक किलोमीटरचा गच्च थर साचला होता. १८३३ पासून पाच वर्षं खपून तो फोडला, तर तो पुन्हा साचू लागला. नदी कायमची मोकळी झाली १८७३ मध्ये.

ऱ्हाईनलाही असंच घडवलं गेलं. १८१७ पासून तिची वळणं कापून वरचा टप्पा ८१ किलोमीटरने आखूड केला. प्रवाह वेगवान झाला, तळ खणला गेला आणि पूर खालच्या गावांवर लवकर येऊ लागला. आजही जर्मनीतल्या काउब इथल्या पाणीपातळीवर तिथली वाहतूक अवलंबून असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथली मोजपट्टी २५ सेंटिमीटरवर आली होती. हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. जहाजांच्या वाटेत पाणी त्याहून सुमारे एक मीटर जास्त असतं. तरीही तेव्हा जहाजं क्षमतेच्या लहानशा हिश्श्याइतकाच माल नेऊ शकत होती.

‘शोधक मुखातून आत गेले’

आफ्रिकेचा इतिहास याच्या जवळजवळ उलट आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी दिओगो काँव काँगोच्या मुखाशी १४८२ मध्ये पोचला आणि पुढच्या सफरीत येल्लाला इथल्या खडकावर खूण कोरून थांबला, कारण वर खळाळांची रांग सुरू होत होती. जवळपास चार शतकं बाहेरून आलेले तिथेच अडले. १८१६ ची ब्रिटिश मोहीमही तिथून थोडं पुढे जाऊन खचली. नदीची दिशा उलगडली ती पूर्वेकडून: शोधप्रवासी हेन्री स्टॅन्ली १८७४ मध्ये झांझिबारच्या बाजूने जमिनीवरून निघाला आणि १८७७ मध्ये प्रवाहाबरोबर मुखाजवळच्या बोमाला उतरला.

नायजरचं तर मुख डोळ्यांसमोर असून ओळखलं गेलं नाही. त्रिभुज प्रदेशात तिचे इतके फाटे होतात की युरोपी व्यापारी तीनशेहून अधिक वर्षं तिथे ये-जा करत होते, तरी ही नायजरच आहे हे १८३० मध्ये इंग्रज प्रवासी लँडर बंधू वरून खाली आले तेव्हा कळलं. नाईलच्या बाबतीतही व्हिक्टोरिया सरोवर इंग्रज प्रवासी स्पीकने १८५८ मध्ये गाठलं ते पूर्व किनाऱ्यावरून चालत. नदीवरून जाणाऱ्यांना धबधब्यांनंतर सुद्दची दलदल अडवत असे. नीरोच्या काळातल्या रोमन मोहिमेलाही अशाच दलदलीतून मागे फिरावं लागलं होतं.

ॲमेझॉनवरून १६३७–३८ मध्ये पोर्तुगीज प्रवासी तेशेरा समुद्राकडून वर क्विटोच्या दिशेने गेला, हे खरं. पण स्पॅनिश प्रवासी ओरेयाना १५४१–४२ मध्ये अख्खी नदी उतरला तो प्रवाहाविरुद्ध परतणं अशक्य झाल्यामुळे. आणि या सगळ्या ‘शोधां’च्या आधीपासून स्थानिक लोकांना आपापल्या टप्प्यांची उत्तम माहिती होती, वाटाडे आणि वल्हेकरी तेच होते.

‘मुबलक पाणी तिथे वस्ती’

नकाशा उघडा आणि शहर नदीच्या नेमक्या कुठल्या जागी आहे ते पाहा. माँट्रियल लाशीनच्या खळाळाखाली आहे, लुईव्हिल ओहायोच्या धबधब्यापाशी, किन्शासा आणि ब्राझाव्हिल काँगोचे खळाळ सुरू होण्याआधीच्या रुंद पाण्यावर. नदीचा रस्ता जिथे तुटतो तिथे माल उतरवावा लागतो, साठवावा लागतो, डोक्यावर किंवा गाडीवर घालावा लागतो. गोदामं, हमाल, व्यापारी आणि जकात तिथे जमतात. लंडन तर टेम्स ओलांडता येईल आणि समुद्री जहाजंही पोचतील, अशा जागी आहे. माणसाला नदीवर जाण्याइतकीच ती ओलांडण्याचीही गरज असते.

मोठ्या नदीला चिकटून राहणं धोक्याचंही होतं. पिवळ्या नदीने १८५५ मध्ये पात्र बदललं आणि तिचं मुख शांतुंग द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडून उत्तरेला गेलं. घग्गर-हाक्रा पट्ट्यातल्या सिंधू संस्कृतीच्या वस्त्यांबद्दल २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दृष्टीने वाचण्यासारखा आहे. सतलजने ते पात्र सुमारे ८००० वर्षांपूर्वी सोडलं होतं; नगरं उभी राहिली ती नंतर, त्या सोडलेल्या दरीत, जिथे पावसाळी पाणी मिळे पण हिमालयीन नदीचा पूर येत नसे. मोहेंजोदडो सिंधूजवळ होतं, तरी तिथे सुमारे ७०० विहिरी असाव्यात असा अंदाज आहे आणि इमारती विटांच्या उंच चौथऱ्यांवर होत्या.

‘रेल्वेने नदी संपवली’

काही नद्यांवर तसं झालं, सगळीकडे नाही. मिसिसिपीच्या खालच्या टप्प्यात आजही एक बोट १५ किंवा त्याहून जास्त पडाव एकत्र ढकलते आणि एकेका पडावात सुमारे १५०० टन माल मावतो. काँगोवर तर रेल्वेनेच नदी उघडली. आधी बोटींचे सुटे भाग हमालांच्या डोक्यावरून खळाळांना वळसा घालून वर नेले जात आणि तिथे जोडले जात. खळाळांच्या खालच्या मटाडी बंदरातून निघणारा साधारण पावणेचारशे किलोमीटरचा लोहमार्ग १८९० ते १८९८ या काळात बांधला गेला, तेव्हा कुठे वरचे हजारो किलोमीटर पाणी समुद्राशी जोडलं गेलं. ते बांधताना, अधिकृत नोंदी धरल्या तरी, दीड हजारांहून जास्त मजूर मेले.