वहिनी, आधी तुमच्या कुंड्यांचं बघा

मी स्ट्रक्चरल ऑडिटबद्दल बोलत होते, म्हणजे इंजिनिअरकडून मजबुतीच्या तपासणीबद्दल. बिल्डिंगच्या. कुंड्यांच्या नाही.

रविवारी सोसायटीची वार्षिक सभा झाली. ३० सप्टेंबरच्या आत उरकायची असते म्हणून उरकलेली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, गार झालेले वडे, माईक नाही. आमची बिल्डिंग १९९० ची. जिन्यातल्या बीमचं प्लास्टर पडलंय, आतले गज उघडे पडून लालभडक झालेत, आणि आम्ही रोज त्याखालून भाजी घेऊन जातो. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, स्वच्छ लिहिलंय की १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढे गेलेल्या इमारतीचं दर ३ वर्षांनी. आमचं एकदाही झालेलं नाही. मी उभी राहून एवढंच म्हटलं की या वर्षी करून घेऊ या.

बी विंगमधले काका उठले. विजार वर ओढली. "वहिनी, तुमच्या बाल्कनीत पंधरा कुंड्या. पाणी खाली झिरपतं. आधी त्याचं बघा, मग ऑडिटच्या गोष्टी करा. लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

आणि टाळ्या. अहो, टाळ्या! मागच्या रांगेतून कुणीतरी "वा!" पण म्हणालं.

पंधरा नाहीत, नऊ आहेत, त्यातल्या दोन रिकाम्या. पण ते सोडा. धरून चालू की माझ्या कुंड्या गळतात. धो धो गळतात. मग तर ऑडिट आधी व्हायला हवं ना? पाणी स्लॅबमध्ये मुरलं की गजाला गंज चढतो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, तो आतल्या आत फुगतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. जिन्यात नेमकं तेच झालंय. म्हणजे काकांनी माझाच मुद्दा मांडला, माझ्यापेक्षा चांगला मांडला, आणि त्यावर मला हरवून खाली बसले! हे एकाच्याही लक्षात येऊ नये? त्यात आमच्याकडे एक सी. ए. आहेत, एक निवृत्त प्राध्यापक आहेत, आणि एक तर म्हणे डेटा सायंटिस्ट. सगळे वडा खात होते.

मी तेच सांगायला लागले तर काका म्हणाले, "वहिनी, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय." मी! मी उपविधी वाचून दाखवत होते!

मग काय, दारच उघडलं. चेअरमनसाहेब म्हणाले, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा पुणं हललं होतं, आपल्या बिल्डिंगला एक तडा गेला नाही. साहेब, तो १९९३ साली झाला. तेव्हा बिल्डिंग तीन वर्षांची होती. तीन वर्षांची असताना माझेही गुडघे दुखत नव्हते. आणि स्वतः साहेब त्या पहाटे अलका चौकात विसर्जन मिरवणूक बघत होते, हे त्यांनीच पुढच्या वाक्यात सांगितलं. म्हणजे साक्षीदार जागेवरसुद्धा नव्हता.

सेक्रेटरींची गाडी तर घसरगुंडीवरूनच निघाली. आज ऑडिट, उद्या रिपोर्टमध्ये 'धोकादायक', परवा महापालिकेची नोटीस, मग बिल्डर, मग आपण सगळे दहा वर्षं भाड्याच्या घरात आणि टॉवर अर्धवट. इंजिनिअर हातोडा घेऊन अजून गेटवर आला नाही तोवर आम्ही बेघर झालो होतो. ए विंगमधल्या काकू म्हणाल्या, ऑडिटला पैसे दिले तर नवरात्राचं काय? जणू देवी आणि बीम यांतलं एकच काहीतरी उभं राहू शकतं.

शेवटी मतदान. हात वर करा. गजाला गंज चढलाय की नाही हे आमच्याकडे हात वर करून ठरलं, आणि बहुमताने गंज नाही. पाचामुखी परमेश्वर!

या म्हणींचं मला एकदा बोलायचंच आहे. आपल्याकडे कुणी वाद घालत नाही, म्हणी फेकतं, आणि म्हण पडली की विषय संपला. 'जुनं ते सोनं' म्हटलं की पुरावा नको. 'शितावरून भाताची परीक्षा' म्हटलं की एका रिक्षावाल्यावरून सगळे रिक्षावाले, एका सुनेवरून अख्खी पिढी. बाई गं, शितावरून भात कळतो कारण पातेल्यातली सगळी शितं एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेली असतात. माणसं तशी शिजतात का? गंमत म्हणजे औषधही म्हणींतच आहे. 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' ही म्हण प्रत्येकाला पाठ आहे. तरी आमचे मामा गेली कित्येक वर्षं सांगतात की त्यांच्या पुड्यांनी सर्दी सात दिवसांत जाते. मामा, ती पुड्यांशिवायही सात दिवसांतच जाते! हेच मामा तंबाखूवर बोललं की आजोबांना पुढे करतात. ब्याण्णव वर्षं जगले, रोज मळून खायचे. जे पन्नाशीत गेले ते दिवाळीच्या फराळाला येऊन सांगू शकत नाहीत, त्यामुळे आमच्या घरात तंबाखू हे आयुष्य वाढवण्याचं औषध आहे.

आणि हेल्मेट! पुण्यात राहून हेल्मेटवर बोलू नये हे मला कळतं, पण आता बोलतेच. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ म्हणतं, घाला. विषय संपायला हवा. पण नाही. आधी खड्डे बुजवा, मग हेल्मेट सांगा. अरे, खड्डे आहेत म्हणूनच घाल ना! ज्या रस्त्यावर पडायची शक्यता जास्त तिथे डोकं उघडं ठेवून तू नेमकं कुणाला धडा शिकवतोयस?

चीड याची येते की हे सगळं आपल्याच लोकांनी फार पूर्वी लिहून ठेवलंय. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या आपल्या जुन्या ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत. खरं काय ते शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची नुसती मोडत बसणं म्हणजे वितंडा. पुढे बावीस निग्रहस्थानं, म्हणजे जिथे सापडलात की हरलात अशा जागा. मूळ विषय सोडून भलतंच बोलणं हे अर्थांतर. स्वतःवरचा दोष न खोडता 'तुमच्यातही तोच आहे' म्हणणं ही मतानुज्ञा, म्हणजे आमच्या कुंड्या. आणि सगळ्यात लाडकं, विक्षेप. अडचणीत आलं की 'मला जरा काम आहे' म्हणून उठून जाणं. काका माझ्या तिसऱ्या वाक्याला "चला, औषधाची वेळ झाली" म्हणून खरंच उठले हो! त्या काळी एवढ्यावर पंडित हरायचा. आमच्याकडे त्याला वाट करून देतात आणि जाताना एक वडा कागदात बांधून देतात.

हे मी सभेत बोलले. म्हणजे "हा हेत्वाभास आहे", दिसायला कारण पण आतून पोकळ, असं मोठ्यांदा म्हणाले. शांतता पसरली. मग सेक्रेटरींनी विचारलं, "त्याचा जी.आर. आलाय का?"

सगळ्यात जास्त संताप कशाचा आला सांगू? विरोध करायला चांगली कारणं होती! मी आणलेलं कोटेशन एकच होतं आणि ते महाग होतं. आणखी दोन मागवा म्हणायचं. इंजिनिअरचं लायसन्स दाखवा म्हणायचं. काँक्रीट तपासायची हॅमर टेस्ट आणि अल्ट्रासॉनिक टेस्ट त्यातच धरलीय की वेगळी, हे विचारायचं. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशांत, किती आहे ते सी.ए.ना विचारायचं. यातला एक जरी प्रश्न कुणी टाकला असता तर मी आनंदाने खाली बसले असते, वर वडाही खाल्ला असता. पण नाही. कुंड्या.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तुझं बरोबर होतं गं, पण तुझा सूर." बीमला माझा सूर कळतो का? वरच्या पट्टीत बोलले म्हणून त्याचा गंज उतरणार आहे? हे मी अर्थातच आणखी वरच्या पट्टीत विचारलं. तेवढ्यात लेक आतून म्हणाली, "आई, तू बाबाचा मुद्दा सिद्ध करतेयस." या पोरीला हे सगळं मीच शिकवलंय, हौसेने, रात्री गोष्टीच्या जागी. परिणाम असा की आता "अभ्यास कर नाहीतर मोबाईल काढून घेईन" म्हटलं की ती शांतपणे सांगते, हा धाकाचा युक्तिवाद आहे आणि यातून अभ्यास गरजेचा आहे हे सिद्ध होत नाही. खरंच होत नाही. मोबाईल मात्र काढून घेतला. "सगळ्यांच्या आया देतात" यावर मी पाचामुखी परमेश्वरचं लेक्चर देऊन टाकलं आणि मग पाचच मिनिटांत "तुझ्या वर्गातली सगळी मुलं पाचला उठतात" हेही म्हणाले. तिने नुसतं बघितलं.

दसऱ्याला मामा जेवायला येतायत. पुड्या घेऊन येतील, आजोबांना घेऊन येतील, आणि यंदा सोसायटीचं काय झालं ते त्यांना नवऱ्याने आधीच फोनवर सांगून ठेवलंय. मी पुऱ्या तळायला घेणार आहे आणि शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत कढईसमोरून हलणार नाही. काम आहे मला.