गॅदरिंगसाठी आदिवासी कसा बनवावा

गॅदरिंग जवळ आलंय म्हणजे कोळीगीत आणि लावणीच्या मध्ये 'आदिवासी नृत्य' आलंच. गेल्या महिन्यात मुलीच्या शाळेने मला या विषयातला तज्ज्ञ करून सोडलंय, म्हणून शिक्षकांसाठी या काही सूचना.

आधी वर्गात खरा आदिवासी कोण ते हुडका. आडनावावरून लगेच कळतं. मग सगळ्यांदेखत म्हणा, "तुला सोप्पं जाईल, तुमच्यात असतंच ना हे!"

पोशाख भाड्याने मिळतो. प्लास्टिकची पानं, कवट्यांची माळ, भाला, पिसं. आम्ही वारली. माझ्या आईने जन्मभर गुडघ्यापर्यंत काष्टा मारून लुगडं नेसलं. पळसाची पानं आम्ही नेसत नाही हो, त्यांवर जेवतो. पण स्टेजवर उठून दिसायला हवं ना! म्हणून माझ्या सावळ्या पोरीला वरून आणखी काळं फासलं आणि 'झिंगालाला' ओरडायला लावलं. माझा काका तारपा वाजवतो. त्याला घेऊन येतो म्हटलं. मध्ये तारपावाला आणि भोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर, यात भाला कुणी नाचवत नाही, हेही सांगितलं. उत्तर आलं, "एवढं ऑथेंटिक नको सर, एनर्जी कमी पडते."

चित्रकलेत वारली जरूर घ्या. दोन त्रिकोण जोडले की माणूस तयार. लग्नाच्या चौकात सवाशिणी पालघाट देवी का काढतात, ते परीक्षेला नाही.

इतिहासाच्या तासाला आम्हाला वगळा. १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध वारली उठले, १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड मारला गेला. यावर नाच बसत नाही.

९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, फोटो काढा.

त्या रात्री पोरगी न्हाणीत अर्धा तास तोंड घासत होती. कान लालबुंद झाले, मानेवरचं काळं राहिलंच. बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, पालकसभेला आजीला नको आणू."

अहो बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? नऊ वर्षांची पोर ती! शाळेत कधी नव्हे ते आमचं नाव निघालं, ते असं? एकदा तरी तिला विचारायचंत, तुझी आजी कुठली भाषा बोलते, काय गाते. इतिहासाचं एक पान वाचायचंत. ते नाही, बुटपॉलिश बरं सापडलं!

आणि त्या सेटच्या भाड्याचे साडेतीनशे रुपयेही आमच्याकडूनच घेतलेत. ते तरी परत करा.