बोलायला कुणी नको!

नवी भाषा शिकायची, तीही घरबसल्या, शिक्षकाशिवाय आणि इंडो-युरोपीय कुळाबाहेरची, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात कुणी मान वर करून बघितलंही नाही. कुळाबाहेरचीच का, हे मात्र सांगायलाच हवं. १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यातल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं मांडलं. तेव्हापासून जर्मन, फ्रेंच, रशियन, फारसी सगळे आपले भाऊबंद. आणि भाऊबंदांशी आमचं कधीच पटलेलं नाही. सातबारा काढून बघा.

"अहो, मग कन्नड शिका की. दारात तर आहे," बायको म्हणाली.

सोलापुरात हा सल्ला कुणीही देईल. अक्कलकोटच्या बाजूला निघालं की कानडी कानावर पडायला लागते, आणि पूर्व भागात विणकर पद्मशाली मंडळींची तेलुगू. दोन्ही द्राविडी, म्हणजे अटीत बसणाऱ्या. अडचण एकच, त्या बोलणारी माणसं आहेत. पुस्तकातलं पहिलं वाक्य ‘इदु मर’, म्हणजे ‘हे झाड आहे’, मी मंडईतल्या मावशींना शेवग्याच्या शेंगांकडे बोट दाखवून ऐकवलं. मावशींनी एका दमात जे लांबलचक उत्तर दिलं त्यावर आजूबाजूचे गाळे खो-खो हसले. स्वयंअध्ययनाचा मूळ नियम मला तिथे सापडला. भाषा अशी निवडावी, की जिच्यात आपल्याला कुणी उत्तर देणार नाही.

या कसोटीवर भराभर नावं गळाली. जपानीला सरकारमान्य नेहमीच्या वापरातल्या कांजीच २१३६, शिवाय दोन वेगळ्या लिप्या. पण त्याहून मोठा धोका पुण्याचा. तिथे हल्ली प्रत्येक नातेवाइकाच्या घरात एक जपानीची परीक्षा पास झालेला असतो आणि तो लग्नकार्यात भेटतो. कोरियनची लिपी राजा सेजोंगनं १४४६ मध्ये मुद्दाम सोपी म्हणून लोकांना दिली, तिचा मोह पडला होता. पण भाची तिथल्या मालिका बघून बघून आता जेवायलासुद्धा कोरियनमध्येच हाक मारते. चिनीत एकाच अक्षराचा अर्थ आवाजाच्या चढउताराप्रमाणे बदलतो. आमच्याकडे चढा आवाज कुणी लावायचा हे लग्नानंतर लगेच ठरलेलं आहे, त्यामुळे तोही विषय संपला. स्वाहिलीत सकाळी सात वाजता एक वाजतो, कारण तास सूर्योदयापासून मोजतात. ऑफिसातल्या बायोमेट्रिकला हे कोण समजावणार? फिनिशमध्ये विभक्त्या १५. शाळेत आठ होत्या, तरी पंचमीच्या ‘ऊन, हून’पर्यंत पोचता पोचता छडी खाल्लीय.

शेवटी जॉर्जियन सापडली आणि जीव शांत झाला. कॉकेशसच्या डोंगराळ मुलखातली, कार्त्वेली कुळातली. दोन-तीन सख्ख्या बहिणी सोडल्या तर जगात नातेवाईक नाहीत. अक्षरं ३३, वाटोळी, वळणदार. लिंगभेदाची कटकट नाही. भूतकाळात तर सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला प्रत्यय लागतो, अगदी ‘त्याने आंबा खाल्ला’मधल्या ‘ने’सारखा. एका शब्दाच्या सुरुवातीला आठ व्यंजनं सलग येतात असं वाचलं, पण आम्ही ‘कार्त्स्न्य’ फळ्यावर लिहिलेली पिढी, घाबरतोय कशाला! जाडजूड वही आणली, टेबल-दिवा आणला, वेळापत्रक भिंतीला लावलं. सोलापुरात या भाषेत माझी चूक काढणारा निघाला तर अर्धी मिशी काढून ठेवेन, असं बायकोला सांगूनही टाकलं.

गणपतीत वरच्या मजल्यावरचा मुलगा सुट्टीवर आला. तो डॉक्टरकीसाठी ‘बाहेर’ असतो एवढंच ठाऊक होतं. आरतीनंतर त्याची नजर माझ्या काखेतल्या वहीवर गेली.

"गामारजोबा, काका!"

जॉर्जियनमधला नमस्कार! बरोबर, तिबिलिसी, जॉर्जियाची राजधानी. आपली मुलं हल्ली एमबीबीएसला तिकडेच जातात. त्यानं पुढे आणखी काहीतरी विचारलं आणि हसऱ्या चेहऱ्यानं उत्तराची वाट बघत उभा राहिला. त्याच्या आईनं तेवढ्यात जिन्यात हाक दिली, "या गं सगळ्या, काका जॉर्जियन बोलतायत!" मी हातातला मोदक आख्खा तोंडात कोंबला. बायको मिशीकडे बघत होती.

सध्या बास्कचा विचार चालू आहे. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची भाषा, जगातल्या कुठल्याच जिवंत भाषेशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही. पुस्तक मागवण्याआधी सोसायटीच्या ग्रुपवर तेवढी चौकशी टाकलीय, की कुणाचं कुणी तिकडे बिल्बाओला आहे का?