एकत्र प्रशिक्षण द्यायचं असेल तर बाप्तिस्म्याचा तास टाळू नका

पाळकांचं आणि मंडळीतल्या, म्हणजे स्थानिक चर्चमधल्या, सेवकांचं प्रशिक्षण वेगवेगळ्या पंथांच्या चर्चनी मिळून करावं, याला तोंडी विरोध सहसा कुणी करत नाही. बैठक होते, प्रार्थना होते, अभ्यासक्रम ठरतो. आणि त्यातून बाप्तिस्मा (ख्रिस्ती समाजात प्रवेशाचा पाण्याचा विधी), प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी), दीक्षा (पाळकपदावर विधिपूर्वक नेमणूक) हे तीन विषय अलगद बाहेर काढले जातात. "हे ज्याने त्याने आपापल्या चर्चमध्ये शिकवावं." माझ्या मते गाडी घसरते ती इथेच.

१९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथे चर्चच्या एकतेवर भरलेल्या जागतिक परिषदेने चर्चना एक प्रश्न विचारला होता: श्रद्धेतल्या खोल मतभेदांमुळे वेगळं वागणं भागच पडतं, तेवढ्या बाबी सोडून बाकी सगळं आपण एकत्र का करू नये? याचा अर्थ बरेच जण 'मतभेदांचं नावच काढू नका' असा लावतात. पण वेगळं वागावं लागलं म्हणून वेगळं शिकायलाच हवं असं कुठे आहे? १९८२ मध्ये पेरूतल्या लिमा इथे बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवापद (पाळकपद आणि त्याची दीक्षा) याच तीन विषयांवर एक निवेदन मान्य झालं. ते तयार करणाऱ्या आयोगात प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स होते, कॅथलिक ईश्वरविज्ञानीही होते. सगळ्यांत अवघड विषय एका टेबलावर मांडता येतात, हे तेव्हाच दिसलं आहे.

बाप्तिस्म्याचा तास असा घ्या. दोन तास ठेवा, दीड तासात हा विषय मावत नाही. बालकांना बाप्तिस्मा देणाऱ्या परंपरेची बाजू त्याच परंपरेच्या माणसाने मांडायची, विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणाऱ्यांची बाजू त्यांच्यापैकी कुणी. प्रत्येकाला पंचवीस मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही. मग विद्यार्थ्यांच्या जोड्या लावा आणि प्रत्येकाला समोरच्याची भूमिका सांगू द्या. समोरचा जोवर "हो, आम्ही हेच मानतो" म्हणत नाही, तोवर पुन्हा सांगायचं. पहिल्या खेपेला बहुतेकांचं चुकतं. एकाला वाटतं, ते बाळाच्या विश्वासाचा विचारच करत नाहीत. दुसऱ्याला वाटतं, ते देवाच्या कृपेपेक्षा माणसाच्या निर्णयाला मोठं मानतात. या दोन्ही समजुती तिथल्या तिथे फुटतात. शेवटची वीस मिनिटं एकाच प्रश्नाला द्या: लहानपणी बाप्तिस्मा झालेली व्यक्ती तुमच्या मंडळीत आली आणि पुन्हा बाप्तिस्मा मागू लागली, तर तुम्ही काय कराल आणि तिच्या आधीच्या पाळकाशी काय बोलाल? हे काम पुढे प्रत्येकाच्या अंगावर येणारच आहे. एका पंथाच्या शिक्षकाने 'ते लोक असं मानतात' म्हणून दुसऱ्याची बाजू शिकवू नये. हेतू कितीही चांगला असला तरी त्यातून व्यंगचित्रच तयार होतं.

रुग्णभेट, शोकातल्या कुटुंबाची भेट, मुलांची सुरक्षितता, मंडळीचे हिशोब हे विषय पहिल्या दिवसापासून एकत्र घ्या. रुग्णभेटीनंतर झालेलं संभाषण आठवून शब्दशः लिहायचं (माणसाचं नाव बदलून) आणि पाच-सहा जणांच्या गटात वाचायचं. आजारी माणूस "मला भीती वाटते" म्हणाला आणि आपण लगेच स्तोत्र वाचायला घेतलं, ही चूक कागदावर लख्ख दिसते. ती सगळ्या पंथांत सारखीच होते.

आता कागदपत्रं. यात कंटाळा केला की दुसऱ्या वर्षी भांडण ठरलेलं. दीक्षेला कोण पात्र, हे ज्याचं त्याचं चर्चच ठरवेल, हे पहिल्या ओळीत लिहा. प्रशिक्षण केंद्राने फक्त अहवाल द्यावा. तो कोण लिहिणार, विद्यार्थ्याला आधी दाखवणार की नाही, हेही लिहा. खर्च विद्यार्थिसंख्येप्रमाणे वाटा, पण निर्णयातली मतं तशी वाटू नका. एका चर्चचे पंधरा आणि दुसऱ्याचे दोन विद्यार्थी असले की वेळापत्रक, गीतं, सुट्ट्या सगळं हळूहळू पंधरांच्या बाजूला झुकतं. कुणी मुद्दाम करत नाही, पण ते दोघे पाहुणे होऊन बसतात.

नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी १९६३ साली ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने (पाळक घडवणाऱ्या संस्थेने) सुरू केलेली विस्तार-शिक्षणाची पद्धत आजही उत्तम आहे: घरी अभ्यास, आपल्याच मंडळीत प्रत्यक्ष काम आणि ठरावीक दिवशी गटाची बैठक. बैठक पंधरवड्याहून लांबवू नका. महिन्याने भेटलं तर लोक आदल्या रात्री पानं भरून आणतात.

उपासनेत सगळ्यांना चालेल अशी पातळ खिचडी करू नका. प्रत्येक परंपरेने आपापल्या पाळीला आपली उपासना जशीच्या तशी चालवावी. प्रभुभोजन असेल तर कोण घेऊ शकतं, हे आदल्या आठवड्यातच पत्रकावर छापा. वेदीपाशी पोहोचलेल्या माणसाला हात मागे घ्यावा लागला, तर ते दुःख तो वर्षानुवर्षं विसरत नाही.